काल्पनिक प्राणी: सहावीसाठी लेखन आणि चित्रकला मिळून प्रकल्प कसा घ्यावा?

सहावी_अ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

जानेवारीत सहावीच्या दोन तुकड्यांसाठी मराठी आणि चित्रकला मिळून एक प्रकल्प घ्यायचा आहे. प्रत्येकाने स्वतःच्या मनाने एक प्राणी तयार करायचा, त्याचं वर्णन लिहायचं आणि चित्र काढायचं. मग चार-चार जणांच्या गटाने त्यातला एक प्राणी निवडून तो कागदाचा लगदा किंवा पट्ट्या वापरून प्रत्यक्ष करायचा.

हाताशी काय आहे ते सांगते. अ तुकडीत ३८ मुलं, ब तुकडीत ३६. मराठीच्या ५ तासिका (३५ मिनिटांच्या) आणि चित्रकलेच्या ३ जोडतासिका. प्रत्येक तुकडीला साधारण १००० रुपये. रद्दी हवी तेवढी मिळेल. वर्गासाठी एकच नळ आहे, तोही बाहेर व्हरांड्यात.

अडचणी तीन:

१. "काल्पनिक प्राणी काढा" म्हटलं की निम्मा वर्ग ड्रॅगन काढतो आणि उरलेला टीव्हीवरचं काहीतरी.
२. वर्णन दोन ओळींत संपतं. "माझा प्राणी खूप मोठा आणि भयानक आहे. त्याला चार डोळे आहेत. तो जंगलात राहतो." पुढे काय लिहायचं ते मुलांना सुचत नाही.
३. कागदकामाचं नेमकं प्रमाण कुठे मिळत नाही. किती मैदा, किती थर, सुकायला किती दिवस?

लेखन आधी घ्यावं की चित्र आधी, यावरही मतं हवी आहेत.

---

खडूफळा यांचा प्रतिसाद

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, ताई. वर्णन कशासाठी लिहायचं हे मुलांना कळत नाही. चित्र शेजारीच असेल तर "चार डोळे आहेत" एवढं पुरतं, कारण बाकीचं चित्रात दिसतंच. म्हणून लिहिताना चित्र समोरून बाजूला ठेवा. आणि हे वर्णन वाचून दुसऱ्या तुकडीतलं मूल तोच प्राणी काढणार आहे, मूळ चित्र न बघता, असं आधीच सांगून टाका. तुमच्याकडे दोन तुकड्या आहेत, म्हणजे सोय आयतीच आहे.

पाच तासिकांची विभागणी अशी करता येईल.

पहिली तासिका, ठिकाण आणि गरज. ड्रॅगन थांबवायचा तर "ड्रॅगन नको" म्हणून उपयोग नाही. प्राण्याआधी त्याचं राहण्याचं ठिकाण द्या. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण आणि तिथल्या तीन गोष्टी:

- कोकणातला कातळसडा: पावसाळ्यात डबकी, एरवी तापलेला जांभा, माती जेमतेम बोटभर.
- खाडीतली खारफुटी: दिवसातून दोनदा भरती, पायाखाली चिखल, पाणी खारं.
- बांधीव दगडी विहीर: उजेड फक्त वरून, उन्हाळ्यात पाणी खोल जातं, भिंतीत कबुतरांची घरटी.
- लोणारचं सरोवर: पाणी खारट आणि अल्कधर्मी, भोवती उतारावर झाडी.
- घाटमाथ्यावरची देवराई: दाट सावली, धोधो पाऊस, जमिनीवर कुजलेल्या पानांचा थर.
- एसटीचं आगार, रात्रीचं: तेलाचे डाग, जुने टायर, मधूनच दिव्याचा झोत.

मग तीन प्रश्न: इथे हा प्राणी काय खातो? कोणापासून आणि कसा वाचतो? सगळ्यात अवघड महिना कोणता, आणि तो कसा काढतो? अवयव या उत्तरांतून यायला हवेत. विहिरीच्या ओल्या भिंतीवर चढायचं तर पाय कसे लागतील, याचा विचार सुरू झाला की आगीचे लोट आपोआप मागे पडतात. आधाराला खरे प्राणी दाखवा: निवटी (चिखलावर सरकणारा मासा), खवल्या मांजर, सायाळ, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर), घोरपड. सहावीच्या बऱ्याच मुलांनी देवगांडूळ पाहिलेलं नसतं आणि ते काल्पनिकच वाटतं.

नियम दोनच. एक, जास्तीत जास्त तीन खऱ्या प्राण्यांचे अवयव घ्यायचे आणि एक अवयव पूर्णपणे स्वतःचा हवा. मर्यादा नसली की पंख, शिंगं, सोंड, नांगी सगळं एकाच प्राण्यावर लादलं जातं आणि वर्णन करताना मूल स्वतःच गोंधळतं. दोन, माणसाचं शरीर किंवा चेहरा वापरायचा नाही. वर्गातल्या कुणाची टिंगल करणारा "प्राणी" त्यामुळे होत नाही, आणि देवदेवतांच्या रूपांशी साम्य येऊन पालकांची कुरबुरही होत नाही.

दुसरी तासिका, मूळ चित्र. ए-४ कागदावर पेन्सिलने, रंग फक्त तीन. मागे सांकेतिक क्रमांक (अ-१, अ-२...). चित्र लगेच पाकिटात, पाकीट शिक्षकांकडे. घरी द्यायचं नाही, नाहीतर सकाळी मोबाइलवरून छापलेली चित्रं येतील.

तिसरी तासिका, वर्णन. १२ ते १५ वाक्यं. फळ्याच्या कोपऱ्यात बंदी असलेले शब्द लिहा: मोठा, लहान, सुंदर, भयानक, विचित्र, अक्राळविक्राळ, खूप, मस्त. यातला शब्द वापरावासा वाटला की माप द्यायचं किंवा ओळखीच्या वस्तूशी तुलना करायची. तुमच्याच उदाहरणातलं वाक्य घेऊ. "मोठा आहे"च्या जागी "उभा राहिला की त्याची पाठ दाराच्या कडीला लागते." "चार डोळे आहेत"च्या जागी "चार डोळे कपाळावर एका आडव्या ओळीत आहेत. मधले दोन लिंबाएवढे, कडेचे दोन वाटाण्याएवढे." चित्र काढणाऱ्याला आता कुठे काहीतरी हाती लागलं.

क्रमही ठरवून द्या. आधी पूर्ण आकार आणि तो बसलाय, उभा आहे की पोहतोय, मग धड, मग डोकं, पाय, शेपटी, कातडी आणि रंग शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात केली तर काढणारा पानाच्या मधोमध भलेमोठे डोळे काढून बसतो आणि धडाला जागाच उरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगा, नाहीतर हमखास घोळ होतो: डावं-उजवं प्राण्याचं की बघणाऱ्याचं? प्राण्याचं, असं ठरवून टाका. आणि "वर" म्हणजे अंगाला टेकून की हवेत अंतर ठेवून, हेही स्पष्ट व्हायला हवं. "पाठीवर पंख" आणि "पाठीच्या वर पंख" यांतून दोन वेगळी चित्रं निघतात.

चौथी तासिका, अदलाबदल. फक्त वर्णनाचे कागद दुसऱ्या तुकडीत जातील. ५ मिनिटं नुसतं वाचन, हातात पेन्सिल नाही. मग २५ मिनिटं चित्र. जिथे माहिती कमी पडली तिथे अंदाज करायचा, पण त्या जागी चित्रात छोटं प्रश्नचिन्ह काढायचं. हे प्रश्नचिन्ह फार कामाचं आहे. लिहिणाऱ्याला नेमकं कुठे पोकळी राहिली ते कळतं.

३८ आणि ३६ हा फरक अडचण समजू नका. ब तुकडीची दोन वर्णनं अ तुकडीत दोघांना द्या. दोघांनीही एकाच जागी चूक केली तर दोष वर्णनाचा. एकानेच केली तर वाचण्यात निसटलं. अ तुकडीची दोन वर्णनं जास्तीची उरतील, ती तुम्ही आणि चित्रकलेच्या सरांनी काढा. मुलांना त्याचा फार आनंद होतो.

पाचवी तासिका, पडताळणी आणि पुनर्लेखन. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फक्त चार गोष्टी तपासायच्या: संख्या, जागा, आकाराचं प्रमाण, रंग. चित्र चांगलं आलंय की वाईट, हा विषयच काढायचा नाही. नाहीतर "त्याला चित्र येत नाही म्हणून चुकलं" एवढ्यावर चर्चा संपते. जिथे फरक पडला तिथलं वाक्य लाल पेनाने अधोरेखित करायचं आणि तेवढंच पुन्हा लिहायचं. सगळं वर्णन परत लिहायला लावू नका, मुलं कंटाळतात आणि चांगली वाक्यंही बिघडवतात.

---

मायमराठी_५ यांचा प्रतिसाद

खडूफळा सरांशी सहमत, एक भर. १२ वाक्यं लिहूनही वाचायला रटाळ होण्याचा धोका आहे, कारण ते यादीसारखं होतं: "त्याला... आहे. त्याला... आहेत." म्हणून शरीराचं वर्णन झालं की चार वाक्यांचा एक परिच्छेद क्रियापदांचा घ्या. प्राणी एक काम करताना दिसला पाहिजे: शिकार, घरटं बांधणं, पाऊस आल्यावर लपणं, काहीही. "आहे" हे क्रियापद त्या परिच्छेदात चालणार नाही. सरपटतो, हुंगतो, दबा धरतो, फिस्कारतो, कातडी फुगवतो असे शब्द मग शोधावे लागतात. अदलाबदलीसाठी हा परिच्छेद वेगळ्या कागदावर ठेवा, चित्र काढणाऱ्याला तो लागत नाही.

नावाचंही तसंच. नाव सगळ्यात शेवटी ठेवायला सांगा. आधी ठेवलं तर इंग्रजी कार्टूनसारखं काहीतरी येतं. सवय, आवाज किंवा ठिकाण यांवरून जोडशब्द केला की नाव जमतं: विहिरीतला असेल तर "कपारघुम्या", चिखलातला असेल तर "गाळसरक्या".

---

रद्दी_ते_रंग यांचा प्रतिसाद

तिसऱ्या अडचणीवर लिहितो. सविस्तर लिहितो, कारण कागदकामात पहिल्या दिवशी सगळं सोपं दिसतं आणि बिघडलंय ते चौथ्या दिवशी कळतं.

लगदा की पट्ट्या? ३८ मुलं आणि व्हरांड्यातला एक नळ असेल तर पट्ट्याच. लगद्याला कागद रात्रभर भिजवा, कुटा, पिळा. शिवाय जाड थर आतून सुकायला आठवडा लागतो. लगदा फक्त भुवया, नाकाची टोकं, खवले अशा उठावासाठी मूठभर ठेवा.

आकार. ३८ मुलांचे १० गट होतील (आठ गट चौघांचे, दोन तिघांचे). प्रत्येक प्राणी २५ ते ३० सेंटिमीटर. त्याहून मोठा घेतला तर जोडतासिकेत एक थरही पुरा होत नाही. चार पायांवर उभा प्राणी टाळा. रद्दीच्या सुरळीचे पाय ओले झाले की वाकतात आणि प्राणी तोंडावर पडतो. बसलेला, वेटोळं घातलेला, पोटावर पसरलेला किंवा नुसतं डोकं, हे चार प्रकार सुरक्षित. उभाच हवा असेल तर पाय जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांचे करा आणि तळाशी खडे भरा.

खळ. १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी. मैदा आधी १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा. उरलेलं ४ वाट्या पाणी उकळायचं, त्यात हे मिश्रण धार धरून सोडायचं आणि मंद आचेवर ३-४ मिनिटं सतत ढवळायचं. पांढरा रंग जाऊन किंचित पारदर्शक झालं की बंद. गार झाल्यावर दाट होतं, म्हणून गरम असताना पातळच दिसलं पाहिजे. २०० मिलिलिटरच्या वाटीने यातून साधारण १ लिटर खळ होते आणि मैदा लागतो जेमतेम १२५ ग्रॅम. एका तुकडीला एका बैठकीला २ लिटर पुरते, म्हणजे दोन बैठकींना मिळून अर्धा किलो मैदा. सगळी खळ एकदम करून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ती आंबते आणि तिसऱ्या दिवशी वर्गात कुणी बसणार नाही.

कच्चा मैदा गार पाण्यात कालवून तसाच वापरू नका. चिकटतो, पण सुकल्यावर पापुद्रे सुटतात.

बुरशीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांचे हात त्यात असणार आहेत, मोरचूद विषारी, त्यामुळे शाळेत अजिबात नको. मीठ घालावं असंही काही जण सांगतात, पण मीठ हवेतली ओल ओढतं आणि समुद्रकाठच्या गावात प्राणी कायम दमट राहतो. बुरशीवर खरा उपाय थर पातळ ठेवणं आणि पूर्ण सुकवणं. जानेवारी निवडलात ते उत्तम. हेच काम जुलैत करायला घेऊ नये.

सांगाडा. फुगा किंवा चुरगळलेली रद्दी. डोक्यासाठी फुगा बरा, पण तो २० सेंटिमीटरपर्यंतच फुगवा. तट्ट फुगवलेला उन्हात ठेवला की आतली हवा प्रसरण पावते आणि ओले थर फाटतात. फुगा गडगडतो म्हणून तो वाटीत किंवा कापलेल्या कागदी पेल्यात बसवा. धडासाठी रद्दीचा घट्ट बोळा करून सुतळीने आवळा. बोळा सैल असेल तर खळीच्या ओलाव्याने बसतो आणि प्राणी एका बाजूने चपटा होतो.

शिंगं, कान, सोंड पुठ्ठ्याची. जोडायच्या टोकाला २-२ सेंटिमीटर चिरा देऊन पाकळ्या उघडायच्या, पाकळ्या अंगावर पसरून मास्किंग टेपने बसवायच्या. साधी चिकटपट्टी इथे चालत नाही. तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळ धरत नाही आणि नेमका सांधाच उघडा पडतो. सगळे जोड पहिल्या थराआधी पूर्ण व्हायला हवेत.

थर. पट्ट्या २-३ सेंटिमीटर रुंद, १० ते १२ लांब. कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे असतात आणि कडा खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कडा रंगाखालूनही रेघेसारखी दिसते. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं वाकडंतिकडं; दिशा मुलांना आधी करून बघू द्या. वाक असलेल्या जागी पट्ट्या निम्म्या लांबीच्या, नाहीतर सुरकुत्या पडतात.

पट्टी खळीत बुडवून दोन बोटांतून निपटायची. ठिबकत असेल तर खळ जास्त झाली. जास्त खळ म्हणजे आत ओल, ओल म्हणजे वास. कमी खळ म्हणजे आत हवेचे फुगे आणि सुकल्यावर पोकळ जागा.

एकूण ४ थर. फुग्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, हा पाचवा समजा. त्याने फुगा चिकटत नाही. पुढे एक थर मराठी वर्तमानपत्राचा, एक इंग्रजीचा, असा आलटून पालटून. कुठे थर द्यायचा राहिलाय ते लांबूनच दिसतं, मोजत बसावं लागत नाही. शेवटचा थर जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदाचा, पांढरी बाजू वर. त्यामुळे छपाईची शाई रंगातून डोकावत नाही आणि पांढऱ्या रंगाचा एक हात वाचतो.

वेळ. पहिली जोडतासिका: सांगाडा, जोड आणि २ थर. दुसरी: उरलेले २ थर. तिसरी: रंग. मध्ये किमान दोन दिवस. पहिले दोन थर सुकल्याशिवाय पुढचे चढवायचे नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, मधूनमधून कूस बदलून सुकवा. सुकलं की नाही हे बघायला गाल लावा. गार लागलं तर आत ओल आहे. टिचकी मारली की ठणठण आवाज आला पाहिजे. पूर्ण सुकल्यावर गाठीजवळ सुईने बारीक भोक पाडून फुगा हळूहळू सोडा. फाडकन फोडला तर आतला थर ओढला जाऊन खड्डा पडतो.

प्रत्येक जोडतासिकेची शेवटची १५ मिनिटं आवराआवरीची, हे पक्कं धरा. नळ एकच, म्हणून वर्गातच दोन बादल्या: पहिलीत हात खळबळायचे, दुसरीत स्वच्छ करायचे. खळीचं पाणी नळाखालच्या मोरीत ओतू नका, घट्ट होऊन तुंबतं. झाडाखाली ओता.

रंग. पोस्टर कलर पुरतो. १० भाग रंगात १ भाग फेव्हिकॉल मिसळा, म्हणजे सुकल्यावर हाताला लागत नाही आणि रंगाच्या जाड थराला भेगा पडत नाहीत. सगळं झाल्यावर १ भाग फेव्हिकॉल आणि २ भाग पाणी असा एक पातळ हात.

खर्च, एका तुकडीचा अंदाज. अर्धा किलो मैदा ३० रुपये, मास्किंग टेपची ५ रिळं २०० ते २५०, फुगे ३०, फेव्हिकॉल पाव किलो १०० च्या आसपास, पोस्टर कलरच्या ६ मोठ्या बाटल्या ३०० ते ४००. ब्रश मुलांकडचे. हजारात बसतं. पांढऱ्या रंगाची बाटली जास्तीची घ्या, तीच आधी संपते.

---

सहावी_अ

खूपच सविस्तर, तिघांचेही आभार. दोन शंका. गटातल्या चार प्राण्यांतून एक कसा निवडायचा? तिघं नाराज होतात. आणि आपल्याकडच्या शिल्पांतले असे मिश्र प्राणी सुरुवातीला दाखवले तर मुलं त्यांचीच नक्कल करतील का?

---

कोपऱ्यातला_व्याल यांचा प्रतिसाद

दुसऱ्या शंकेबद्दल. दाखवावेत, पण नमुना म्हणून नाही, कोडं म्हणून. जोड कुठे आणि कसा दिलाय ते शोधायला लावा. मकर घ्या: मगरीचा जबडा, कधी सोंड, मागे माशाचं शरीर, देवळात अभिषेकाचं पाणी बाहेर सोडायच्या पन्हळीला मकरमुख असतं. पाण्याचा प्राणी, पाण्याचीच जागा. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दारांवर शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) दिसतो, बऱ्याचदा हत्तींना पंजात धरलेला. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कर्नाटकाच्या राज्यचिन्हात आजही आहे. कीर्तिमुखाला तर धडच नाही, नुसतं तोंड. देवळाच्या उंबऱ्यावर आणि दाराच्या वर शोधायला सांगा, गावातल्या जुन्या शिवमंदिरात सापडण्याची शक्यता बरीच आहे.

वर्णनावरून चित्र काढण्याच्या सरावासाठी ओडिशातला नवगुंजर अगदी योग्य. सारळा दासांच्या ओडिया महाभारतातलं हे कृष्णाचं रूप, पटचित्रांमध्ये (तिथली कापडावरची पारंपरिक चित्रं) नेहमी दिसतं. चित्र न दाखवता वाचून दाखवा: कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा किंवा घोड्याचा, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. मुलांनी ऐकत ऐकत काढायचं. मग पटचित्र दाखवायचं. साप नेमका कुठून सुरू होतो, हात कुठल्या बाजूला, मान किती लांब हे त्या यादीत नव्हतं, हे मुलांना स्वतःच्या चित्रातूनच दिसेल. खडूफळा सरांची तिसरी तासिका यानंतर सोपी जाते. (हे देवाचं रूप आहे, त्यामुळे "माणसाचा अवयव नको" हा नियम मुलांच्या प्राण्यांपुरता आहे एवढं सांगून ठेवा.)

कागदकामाच्या बाजूने मेक्सिकोतले आलेब्रिखे दाखवा. १९३६ च्या सुमाराला मेक्सिको सिटीतले कागदकाम कारागीर पेद्रो लिनारेस यांनी आजारपणात दिसलेल्या स्वप्नातले प्राणी कागदाचे केले, तिथून ही कला सुरू झाली असं मानतात. त्यांचे रंग बघण्यासारखे आहेत: आधी गडद पाया, त्यावर ठिपके आणि रेघांची दाट नक्षी. सहावीच्या मुलांना छटा देणं जमत नाही, ठिपके जमतात. जवळचं उदाहरण हवं असेल तर पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे (मुखवटे घालून होणाऱ्या सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे.

---

रंगपेटी_७ यांचा प्रतिसाद

लेखन आधी की चित्र आधी, यावर थोडा विरोध नोंदवते. खडूफळा सरांच्या आराखड्यात मूल डोक्यातला प्राणी थेट कागदावर उतरवणार असं गृहीत आहे. ज्यांना लिहिणं जड जातं किंवा ज्यांची घरची भाषा वेगळी आहे, ती मुलं तिसऱ्या तासिकेला अडतात. त्यांच्यासाठी आधी चिखल द्या. लिंबाएवढा शाडूचा गोळा, १० मिनिटं, हाताला सुचेल तसा प्राणी. मग तो समोर ठेवून जोडीदाराला तोंडी सांगायचं आणि जोडीदाराने लिहून घ्यायचं. हातात वस्तू असली की "इथे खाली, मागच्या बाजूला, वळलेलं" असे शब्द आपोआप येतात. अदलाबदल मग तशीच करा, फक्त पाकिटात चित्राऐवजी शाडूच्या प्राण्याचा फोटो.

सगळ्या वर्गाला हे नको. ज्यांना सरळ चित्रातून सुचतंय त्यांना चिखल दिला तर अर्धा तास गोळे वळण्यात जातो.

निवडीच्या शंकेबद्दल: मतदान घेऊ नका, लोकप्रिय मुलाचा प्राणी निवडून येतो. अदलाबदलीच्या पडताळणीत ज्याचं वर्णन आणि दुसऱ्याने काढलेलं चित्र सगळ्यात जास्त जुळलं, त्याचा प्राणी घडवायचा. बाकी तिघांचं त्यात काहीतरी यायला हवं: एकाची कातडी, एकाचा रंग, एकाची शेपटी. तीन प्राण्यांची मर्यादा इथे मोडली तरी चालेल.

---

खडूफळा

रंगपेटी ताई, शाडूची सूचना मान्य. फक्त जोडीदाराने लिहून घेताना स्वतःची भर घालू नये हे बघावं लागेल, ऐकलं तेवढंच.

गुण द्यायचे असतील तर २० पैकी: वर्णनाचा नेमकेपणा ८, पुनर्लेखनात झालेला बदल ६, दुसऱ्याचं वर्णन वाचून काढलेलं चित्र (जुळणी, सौंदर्य नाही) ४, गटकाम २. पुनर्लेखनाला गुण ठेवले नाहीत तर पाचवी तासिका कुणी मनावर घेत नाही.

शेवटी सगळ्या वर्णनांचं एक हस्तलिखित करणार असाल तर छायाप्रतीसाठी पेन्सिलची चित्रं चालत नाहीत, पुसट येतात. बाह्यरेषा काळ्या बॉलपेनने गिरवून घ्या आणि डाव्या बाजूला ३ सेंटिमीटर समास सोडायला आधीच सांगा, शिलाईत अक्षरं जातात. डावीकडे वर्णन, उजवीकडे दोन्ही चित्रं एकाखाली एक.

---

रद्दी_ते_रंग

एक राहिलं. तयार प्राणी कपाटात कोंडू नका. मैद्याच्या वासाने झुरळं आणि उंदीर येतात, कान आणि शेपट्या आधी जातात. शेवटचा फेव्हिकॉलचा हात आतल्या बाजूनेही द्या, जिथे हात पोचेल तिथे. फुगा काढलेलं भोक कागदाने बंद करा. पाठीत रंगकामाआधीच सुतळीचा फास अडकवून ठेवला तर व्हरांड्यात टांगता येतात. नंतर भोक पाडायला गेलं की रंगाचे टवके उडतात.